हजेरीपटाआधी एसटीची वेळ बघा

प्रश्न : यवतमाळ जिल्ह्यात तालुक्याच्या गावी एका कला महाविद्यालयात मी तासिका तत्त्वावर अर्थशास्त्र शिकवते. पटावर ६४ नावं आहेत, वर्गात दहा-बारा पोरं. महाविद्यालयांचं मूल्यांकन करणारी ‘नॅक’ येणार म्हणून सध्या भिंती रंगताहेत. मला गुणवत्ता समितीत घेतलंय. शिकवणं खरोखर सुधारायचं तर सुरुवात कुठून करू?
— एक प्राध्यापिका

उत्तर : मॅडम, आधी बसस्टँडवर जाऊन या. थट्टा नाही करत. मी मराठी शिकवायचो, पहिला तास साडेदहाचा. खेड्यावरची एसटी पोचायची पावणेअकराला. तो तास रोज बुडायचा आणि आम्ही स्टाफरूममध्ये चहा पीत म्हणायचो, “पोट्ट्यायले भाषेची गोडीच राह्यली नाही!” शेवटी एका शिपायानं लक्षात आणून दिलं. तास पाऊण तासानं पुढे ढकलला, मधली सुट्टी कापली, आणि मागचे बाक भरले.

दुसरं वेळापत्रक वावराचं. सोयाबीनची सोंगणी आटोपते न आटोपते तोच कापूस फुटतो, सीतादही, म्हणजे वेचणीआधीची वावरातली पूजा, झाली की घरोघरी वेचणी. वेचाई किलोवर मिळते, त्यामुळे निम्म्या मुली तेव्हा वर्गात नसतात. त्यांना नोटीस पाठवून काय होणार? त्या पंधरवड्यात चाचणी ठेवू नका. परतल्यावर चार तास मागच्या भागाच्या उजळणीला द्या.

आता शिकवण्याचं. मी होतो त्या कॉलेजात एके वर्षी अभिप्रायाचे सगळे फॉर्म एकाच निळ्या पेनानं भरलेले निघाले, सगळीकडे ‘उत्तम’. फाइल मात्र देखणी होती. तेव्हापासून मी सत्र सुरू होऊन महिना झाला की कोऱ्या चिठ्ठ्या वाटायचो. नाव लिहायचं नाही. काय समजलं नाही आणि मी काय बंद करू, एवढंच लिहायचं. पहिल्याच वर्षी एक चिठ्ठी आली : ‘सर तुम्ही खिडकीशी बोलता.’ बावीस वर्षं शिकवत होतो हो! खिडकी डावीकडे, मुली उजवीकडे. दुसऱ्या दिवशी चिठ्ठ्या वर्गात वाचल्या आणि काय बदलणार ते सांगितलं. नोट्स उतरवून द्या ही मागणी मात्र मान्य केली नाही, का नाही तेही सांगितलं. चिठ्ठ्या घेऊन गप्प बसलात तर पुढच्या वेळी कोऱ्याच परत येतील.

तुमचा विषय तर पोरांच्या घरातच आहे. २०२४-२५ला सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४८९२ रुपये होता. प्रत्येकाला घरची विक्रीची पावती आणायला सांगा, फळ्यावर शेजारी शेजारी मांडा. ओलावा, अडत, हमाली, बियाण्याची उधारी, सगळं पोरंच बोलतील. ज्यांच्या नावाचं आपलं अमरावतीचं विद्यापीठ आहे त्या गाडगेबाबांचं कीर्तन असंच चालायचं : बाबा विचारणार, लोक उत्तर देणार. पुस्तकातलं प्रकरण त्यानंतर उघडा. नव्या शैक्षणिक धोरणात क्षेत्रप्रकल्प आलेच आहेत, ह्या पावत्यांतूनच एखादा उभा राहील.

कॅम्पसबद्दल तुम्ही विचारलं नाही, तरी सांगतो. राष्ट्रीय सेवा योजनेचं, म्हणजे रासेयोचं, शिबिर सात दिवसांचं, शिवाय दोन वर्षांत २४० तासांचं काम. त्यातले बरेच झाडू हातात घेऊन फोटो काढण्यात जातात. आमच्याकडे मुलींच्या स्वच्छतागृहाला आतून कडी नव्हती. एक दारात उभी राहायची, दुसरी आत. कितीतरी मुली घरी पोचेस्तोवर पाणीच पीत नसत, हे आम्हाला एका महिला शिपायाकडून कळलं. कडी बसवायला सुताराला अर्धा तास लागला. ती बसवायची हे ठरायला दोन वर्षं! तुमच्याकडच्या कड्या उद्याच बघून या.

आणि एक. तुम्हाला पैसे तासाचे मिळतात, समितीच्या बैठकांचे नाही. म्हणून सगळं अंगावर घेऊ नका. बसच्या वेळा आणि हजेरी एका कागदावर मांडा आणि तो महाविद्यालय विकास समितीच्या बैठकीत ठेवायला प्राचार्यांना सांगा. त्या समितीत शिक्षकांचे प्रतिनिधी असतात, त्यातल्या एकाला आधीच गाठा. रंगाचं बिल मंजूर व्हायच्या आत.