ओल आधी, ओटा नंतर

प्रश्न थोडक्यात असा: "वर्षाच्या सुरुवातीला आम्ही दोघांनी तीन ध्येयं लिहून ठेवली होती. अडीअडचणीचा निधी सहा महिन्यांच्या खर्चाइतका करायचा, जेवणाखाण्याचा खर्च २५ टक्क्यांनी कमी करायचा आणि स्वयंपाकघर नवीन करून घ्यायचं. वर्ष संपलं. निधी दोन महिन्यांवरून साडेतीनवर आलाय, किराणा-भाजीचा खर्च जेमतेम ८ टक्क्यांनी उतरलाय आणि स्वयंपाकघराला हातही लागलेला नाही. फक्त सिंकमागच्या भिंतीची ओल बुजवून वरून रंग दिला, ती पुन्हा दिसायला लागलीय. एकही ध्येय पूर्ण झालं नाही याचं फार वाईट वाटतं. आता मिस्टरांना कंपनीकडून थकबाकी एकरकमी मिळतेय, साधारण चार महिन्यांच्या खर्चाइतकी. त्यांना त्यात थोडं कर्ज घालून स्वयंपाकघर करायचंय. मला वाटतं सगळी रक्कम गृहकर्जात भरावी. तीन वर्षं हप्ते भरतोय, मुद्दल हललेलंच दिसत नाही. वर्षाच्या मध्यापासून माझी आई आमच्याकडे राहायला आली आहे. माझं काम घरून असतं, उत्पन्न कमीजास्त होतं. काय करावं?"

तुमच्या पत्रासोबतचा वहीचा तक्ता मी दोनदा वाचला. इतका नेटका हिशेब ठेवणारी माणसं स्वतःला नापास ठरवतात तेव्हा मला खरंच वाईट वाटतं, म्हणून आधी निकाल तपासू आणि मग थकबाकीकडे वळू. तुमचे खरे आकडे इथे देत नाही. गेल्या वर्षीचा तुमचा महिन्याचा खर्च १०० धरून बाकी सगळं त्या मापात मांडतो.

जेवणखाणापासून सुरू करतो, कारण सगळ्यात जास्त गफलत तिथेच झाली आहे. घरातला किराणा-भाजीचा खर्च महिन्याला ३० होता, तो सरासरी २७.६ झाला. हे तुमचे ८ टक्के. पण तक्त्यात "करमणूक" या सदरात बाहेरून मागवलेलं जेवण बसलंय. ते ६ वरून ८ वर गेलंय. पोटात जाणारं सगळं एकाच सदरात धरायला हवं, नाहीतर स्वयंपाक टाळून मागवलेलं जेवण वहीत बचत म्हणून दिसतं. दोन्ही मिळवले तर ३६ चे ३५.६ झाले. म्हणजे बचत ८ टक्क्यांचीही नाही, जेमतेम १ टक्क्याची.

थांबा, वही मिटू नका. गेल्या वर्षी घरात चार माणसं होती. यंदा सहा महिने चार आणि सहा महिने पाच. माणूस-महिने मोजले तर गेल्या वर्षी ४८ आणि यंदा ५४. तेवढ्याच पैशात तुम्ही आठवा भाग जास्त जेवणं वाढलीत. माणशी खर्च १२ टक्क्यांनी उतरला. शिवाय तुम्हीच लिहिलंय की नेहमीच्या त्याच वस्तूंची दोन्ही वर्षांची बिलं शेजारी ठेवली तर भाव ५ टक्क्यांनी चढलेले दिसतात. तो चढ वजा केला की माणशी बचत १६ टक्क्यांच्या घरात जाते. पंचवीस हे ध्येय होतं, सोळा गाठलंत, तेही आई घरी आल्याच्या वर्षात. मला हे उत्तम काम वाटतं.

एक गोष्ट मात्र मला पटलेली नाही. पत्राच्या शेवटी तुम्ही ओझरतं लिहिलंय की फळं जवळपास बंद केली आणि दूध कमी केलं. ते पुन्हा सुरू करा. घरात वाढती मुलं आहेत, वय झालेली आई आहे; त्यांच्या ताटातून काढलेली बचत मी बचत धरत नाही. कात्री लावायची तर केराच्या डब्यात जाणाऱ्या अन्नाला लावा. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालात २०२२ सालचा जगाचा अंदाज आहे: घराघरांतून वाया जाणारं अन्न माणशी वर्षाला सुमारे ७९ किलो. त्यात सालं, देठ, हाडं हे न खाता येणारंही आलं, हे खरं. तरीही आठवड्याला माणशी दीड किलो होतं. तुमचा आकडा याच्या निम्मा असेल किंवा जास्तही असेल. तो मोजल्याशिवाय कळणार नाही. फ्रीजच्या दारावर एक कागद लावा आणि महिनाभर टाकलेली प्रत्येक गोष्ट त्यावर लिहा: काय, किती, कशामुळे. "पालेभाजी, अर्धी जुडी, मागे राहिली." "भात, एक वाटी, जास्त झाला." बस, एवढंच. महिन्याच्या शेवटी दोन-तीन कारणंच पुन्हा पुन्हा आलेली दिसतील, आणि पुढच्या वर्षाचं जेवणाचं ध्येय त्या कारणांवरून ठरवा. टक्केवारी नको.

फ्रीजवरून आठवलं. मिस्टरांच्या यादीत नवा फ्रीजही आहे, कारण जुन्यात भाजी टिकत नाही. तो बदलण्याआधी एक साधा कागद दारात अर्धा आत, अर्धा बाहेर ठेवून दार लावा आणि कागद ओढा. सहज निसटला तर तिथलं रबर सैल झालंय. चारही बाजूंनी असं करून बघा. रबर तेवढं बदलून मिळतं. मग आत एक तापमापक ठेवून बघा, ५ अंश सेल्सियसच्या खाली राहायला हवं. तेवढ्यावर भागलं तर नव्या फ्रीजचा विषयच संपला.

आता निधी. इथे उलटं आहे: तुम्हाला वाटतोय त्यापेक्षा तो थोडा कमी आहे. साडेतीन महिने म्हणजे ३५०, पण हे गेल्या वर्षीच्या १०० च्या मापाने. आई आल्यापासून तुमचा महिन्याचा खर्च १०८ झालाय. त्या हिशेबाने निधी सव्वातीन महिन्यांचाच भरतो. सहा महिन्यांचं ध्येय आता ६०० उरलेलं नाही, ६४८ झालंय. त्याच वेळी हेही बघा, की वर्षभरात २०० चे ६०० करायचे म्हणजे महिन्याला खर्चाच्या एक तृतीयांश रक्कम बाजूला काढावी लागली असती. तुम्ही साडेबारा काढलेत. माणसं आणि खर्च बघता साडेबारा ही तुमची खरी ताकद आहे. ३३ हा आकडा कुणीतरी "सहा महिन्यांचा निधी हवा" म्हणालं म्हणून वहीत आला, घरचा हिशेब करून आला नव्हता.

मग सहा महिने हवेतच का? तुमच्या घरी, हो. दोन पक्क्या पगारांचं घर असतं तर मी चारवर समाधान मानलं असतं. पण तुमचं उत्पन्न कमीजास्त होतं आणि आईच्या वयात दवाखाना कधी दारात येईल सांगता येत नाही.

म्हणूनच सगळी थकबाकी गृहकर्जात भरण्याला माझा विरोध आहे. तुमची तगमग समजते. २० वर्षांचं कर्ज, व्याज ९ टक्के, तीन वर्षं झाली. एवढ्या काळात मुद्दलाचा फक्त ६ टक्के भाग फिटतो. मुदतीचा १५ टक्के काळ गेला आणि मुद्दल ६ टक्के, मग हललेलं कसं दिसेल? यात फसवणूक नाही, समान हप्त्याचं गणितच असं आहे: सुरुवातीला थकीत मुद्दल मोठं, त्यामुळे हप्त्याचा मोठा भाग व्याजात जातो. आणि कर्जात भरलेला पैसा ९ टक्के खात्रीने वाचवतो, हा तुमचा मुद्दाही शंभर टक्के बरोबर. फक्त कर्जात भरलेला पैसा गरजेच्या वेळी परत मागता येत नाही. निधी पूर्ण करायला तुम्हाला २९८ लागतात. ते सुरक्षित ठेवीत समजा ६ टक्क्यांनी पडले, तर कर्ज न फेडल्याचा तोटा वर्षाला ३ टक्के, म्हणजे सुमारे ९. तुमच्या अडीच दिवसांच्या खर्चाएवढा. रात्री-अपरात्री दवाखान्यात जावं लागलं तर हाताशी रोख असावी, यासाठी वर्षाला अडीच दिवसांचा खर्च मोजणं मला योग्य वाटतं. तीच रोख नसली तर घाईत वैयक्तिक कर्ज घ्यावं लागतं, आणि त्याचं व्याज गृहकर्जापेक्षा बहुधा बरंच जास्त असतं.

कर्जासाठी वेगळी वाट आहे. तुमच्या कामातून एखादा महिना भरभरून गेला की त्यातून बाजूला काढत वर्षाला एक जादा हप्ता भरा. आत्तापासून दरवर्षी असा एक भरलात तर उरलेल्या १७ वर्षांतली सुमारे अडीच वर्षं कमी होतात. भरताना कर्ज देणाऱ्या संस्थेला लेखी सांगा, की मुदत कमी करा, हप्ता नको. न सांगता कधीकधी हप्ताच कमी करून देतात आणि मग व्याजातली मोठी बचत हातातून जाते. मुदतीआधी भरण्याला काही शुल्क आहे का, तेही आधी विचारा.

आता मिस्टरांचं म्हणणं. रोज सकाळी स्वयंपाकघरात तेच असतात असं तुम्ही लिहिलंय, त्यामुळे मोडकी कपाटं आणि तडकलेला ओटा त्यांना बोचतो यात नवल नाही. त्यांची इच्छा उधळपट्टी नाही, हे मी मनापासून सांगतो. पण नवी कपाटं ज्या भिंतीला टेकणार आहेत तिथेच ओल आहे. ओलीवर कपाटं चढवली की भिंत झाकली जाते, वारा लागत नाही, पाठीमागची फळी फुगते, बिजागऱ्या गंजतात. माझ्याच घरी एकदा कार्याची घाई म्हणून ओलीवर पुट्टी आणि रंग मारून घेतला होता. चार महिन्यांत रंगाचे पापुद्रे बोटाने सुटत होते आणि ते काम दुसऱ्यांदा करावं लागलं. तेव्हा तर भिंतीवर फक्त रंग होता. तुमच्याकडे पाच महिन्यांच्या खर्चाएवढं फर्निचर असणार आहे.

ओल कुठून येते हे ठेकेदाराला बोलावण्याआधी स्वतः बघता येतं. भिंतीचा ओला भाग कोरड्या फडक्याने पुसा, वहीएवढा पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा आणि दिवसभर, जमल्यास दोन दिवस, तसाच ठेवा. थेंब प्लास्टिकच्या आतल्या, भिंतीकडच्या अंगाला जमले तर पाणी भिंतीतून येतंय. बाहेरच्या अंगाला जमले तर ती खोलीतल्या वाफेची करामत आहे, आणि त्यावर उपाय हवा खेळती ठेवण्याचा, खर्चही कमी. घरात पाण्याचं मीटर असेल तर सगळे नळ बंद करून आकडा लिहा आणि तासाभराने पुन्हा बघा. काटा हलला असेल तर नळजोडणीत कुठेतरी गळती आहे. न हलला तरी सांडपाण्याच्या पाईपावरचा संशय सुटत नाही, कारण त्यातलं पाणी मीटरमधून जात नाही; सिंकखालचे जोड हाताने चाचपून बघा.

तर पैशांची वाटणी मी अशी करेन. थकबाकी चार महिन्यांची, आताच्या १०८ च्या हिशेबाने ४३२. ओलीच्या कामाचा तुम्हाला आलेला अंदाज पाऊण महिन्याच्या खर्चाचा, म्हणजे ८१. निधीला २९८. उरतात ५३, म्हणजे अर्ध्या महिन्याचा खर्च. हे ५३ ओलीचं काम पूर्ण होईपर्यंत कुणीही हलवायचे नाहीत. घराचं काम ठरलेल्या अंदाजात आणि ठरलेल्या दिवसांत संपेल असं आपल्या सगळ्यांनाच वाटतं. डॅनियल काहनेमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्येच या भाबड्या अंदाजाला नाव देऊन ठेवलंय. भिंत फोडल्यावर आत कुजका पाईप निघाला, तर हे ५३ तुमच्या नव्या निधीला हात लागू देणार नाहीत.

स्वयंपाकघरासाठी कर्ज नको. निधी भरला की महिन्याचे तुमचे साडेबारा मोकळे होतात, वर्षाचे १५०. पूर्ण कामाचा अंदाज ५४० चा आहे, पण तो एकाच आकड्यात दिलाय. ठेकेदाराकडून तो तोडून मागा: ओटा आणि सिंक वेगळं, खालची कपाटं वेगळी, वरची वेगळी, विजेचं काम वेगळं. ओटा-सिंक १५० मध्ये बसत असेल तर ते पुढच्या वर्षाचं घराचं ध्येय. त्याची तारीख मिस्टरांनी ठरवावी आणि वहीत त्यांच्याच अक्षरात लिहावी. वरची कपाटं त्यानंतरच्या वर्षी. विजेची ठिकाणं मात्र ओटा बसवतानाच पुढचा विचार करून काढून घ्या, नाहीतर नव्या फरश्या पुन्हा फोडाव्या लागतील.

पुढचा आढावा वर्षाच्या शेवटी ठेवू नका, तीन महिन्यांनी बसा. आणि या वेळी आईंनाही बोलवा. घरात काय शिजतं, काय उरतं, कोणती भिंत कधी ओली होते, हे दिवसभर घरात असणाऱ्या माणसाला तुमच्या वहीपेक्षा आधी कळतं. त्यांच्या औषधांचा महिन्याचा खर्च अजून "इतर" मध्ये पडलाय, त्याला स्वतःचं सदर द्या.

थकबाकी खात्यात जमा झाली की त्याच दिवशी २९८ वेगळ्या खात्यात हलवा. प्लास्टिक मात्र आजच रात्री, भांडी घासून झाल्यावर, चिकटवा.