छातीला ‘मसाज’ की छाती ‘हापसणे’?

विट्याच्या एका वाचकाने विचारलंय : शाळेतल्या प्रात्यक्षिकात ‘हृदय बंद पडलं तर छातीला मसाज द्या’ असं सांगितलं. मसाज हा शब्द बरोबर आहे का? मराठीत काय म्हणावं?

चूक नाही, पण तो आता सोडावा असं मला मनापासून वाटतं. पूर्वी डॉक्टर छाती उघडून हृदय मुठीत पिळत, त्याला हृदयाचा मसाज म्हणत. १९६० साली अमेरिकेतल्या बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातल्या काउवेनहोवेन, ज्यूड आणि निकरबॉकर यांनी दाखवलं की छाती न उघडता वरून दाबूनही हे साधतं. कृती बदलली, नाव तेच राहिलं. आपल्याकडे मसाज म्हटलं की तालमीतली तेलमालिश आठवते, आणि मालिश या फारसी शब्दाचा अर्थच मुळी चोळणे. छाती चोळून रक्त हलत नाही.

‘दाबणे’ बरं, पण ते अर्धंच काम. माझी पसंती ‘हापसणे’ला. जत-आटपाडीकडे ज्यांनी हापशावर घागरी भरल्यात त्यांना ठाऊक आहे : दांडा पुरता खाली, पुरता वर, अर्ध्या दांड्याला पाणी येत नाही.

छातीतही तसंच. छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर जोर दिला की हृदय हाड आणि कणा यांच्यात चेपतं, शिवाय छातीच्या सगळ्या पोकळीतला दाब वाढतो. यातलं कशाने जास्त रक्त ढकललं जातं यावर दोन मतं आहेत. हृदयाच्या झडपा एकाच बाजूला उघडतात, म्हणून रक्त पुढे जातं. हात सोडला की बरगड्या वर येतात, आतला दाब उतरतो आणि शिरांमधलं रक्त हृदयात ओढलं जातं. हृदयाच्या स्वतःच्या स्नायूला रक्त मुख्यतः याच वेळी मिळतं. छातीवर रेलून राहिलात तर हृदयच उपाशी राहतं.

मोठ्या माणसाला ५ ते ६ सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा. उत्तम जमलं तरी नेहमीच्या पाव ते एक तृतीयांश रक्तच फिरतं. त्यात मध्ये थांबलं की रक्तदाब कोसळतो आणि तो पुन्हा चढायला छातीवरचे बरेच दाब खर्ची पडतात. हापशाचं पाणी खाली उतरलं की पहिले चार-सहा हापसे कोरडे जातात, तसे.

शाळेच्या फलकावर मी ‘छाती दाबा, पूर्ण सोडा’ अशी दोन क्रियापदं लिहीन. प्रत्यक्ष वेळी ओरडायला मात्र एकच शब्द पुरे : ‘हापसा!’