वाचकांचे प्रश्न : ‘किल’ म्हणजे किल्ला नव्हे

प्रश्न : आयर्लंडच्या नकाशात किल्डेअर, किलार्नी अशी नावे जागोजागी आढळतात. त्यांतील ‘किल’चा आपल्या किल्ल्याशी काही संबंध आहे का? आणि महाबळेश्वरच्या माल्कमपेठेतील ‘माल्कम’ हे नाव इंग्रजीच समजायचे का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी राहणाऱ्याला ‘किल’ म्हणताच किल्ला आठवावा, हे साहजिक आहे, पण ‘किल्ला’ मुळात अरबीतला, तर आयर्लंड-स्कॉटलंडकडच्या गेलिक भाषेतील ‘किल’ लॅटिनमधून आलेला असून त्याचा अर्थ आधी साधूची खोली आणि पुढे चर्च असा झाला. किल्डेअर म्हणजे ओकवृक्षाचे चर्च. संत ब्रिजिटचा मठ तेथेच होता. मात्र काही गावांच्या नावांत इंग्रजी ‘किल’च्या मागे रान या अर्थाचा दुसराच गेलिक शब्द दडलेला असतो, त्यामुळे इंग्रजी स्पेलिंगवर न विसंबता नावाचे जुने गेलिक रूप पाहावे लागते. किल्ल्यासाठी गेलिकमध्ये ‘डून’ हा शब्द आहे. स्कॉटलंडमध्ये क्लाइड नदीकाठच्या खडकावरील डम्बार्टन म्हणजे ‘ब्रिटनांचा किल्ला’.

डब्लिनचे नाव विशेष पाहण्याजोगे आहे. पॉडल नावाची छोटी नदी लिफीला मिळत असे तेथे एक काळाशार डोह होता. ‘दुव’ म्हणजे काळा आणि ‘लिन’ म्हणजे डोह, यांवरून डब्लिन झाले. आयरिश भाषेत मात्र या शहराला आजही वेगळेच नाव आहे, आणि त्याचा अर्थ ‘कुडांच्या उताराचे गाव’ असा होतो, कारण नदी ओलांडण्यासाठी पात्रात विणलेले कूड अंथरलेले असत. साताऱ्यात 1818 पासून कंपनी सरकारचे प्रतिनिधी असलेले इतिहासकार ग्रँट डफ स्कॉटलंडचे होते, आणि त्यांच्या आडनावातील ‘डफ’ याच ‘दुव’पासून आले आहे; शाहिरांच्या डफाशी त्याचे नाते नाही.

माल्कमपेठेला ज्यांचे नाव मिळाले ते सर जॉन माल्कम 1827 ते 1830 या काळात मुंबईचे गव्हर्नर होते. तेही स्कॉटिशच. ‘माल्कम’ म्हणजे संत कोलंबाचा भक्त. यातील पहिल्या पदाचा मूळ अर्थ ‘मुंडन केलेला’ असा आहे. तेव्हा नाव गेलिक, पण घडण मराठी : गेलिकमध्ये किल, डून ही सामान्य पदे बहुधा आधी येतात आणि विशेषनाम नंतर, तर आपली पेठ माल्कमच्या मागून येते.