'मोरिचा हान' : हा खान कोण?

प्रश्न असा आहे : बोस्नियाची राजधानी सारायेव्होच्या जुन्या बाजारपेठेतल्या 'मोरिचा हान' या इमारतीचं मराठीत 'मोरिच खानाचा वाडा' असं भाषांतर वाचनात आलं. हा खान कुणी सरदार होता का? आणि अशा इमारतीला मराठीत नेमकं काय म्हणावं?

सरदार कुणीच नव्हता. 'हान' हेच त्या इमारतीचं नाव. फारसीत 'खान' म्हणजे घर, उतरण्याची जागा. तुर्कीत 'ख'चा 'ह' झाला आणि बोस्नियात तो तसाच पोचला. पदवीचा 'खान' हा तुर्क-मंगोल शब्द निराळा, पण तुर्कीत तोही 'हान' असाच लिहितात, त्यामुळे भाषांतरकाराची चूक समजण्यासारखी आहे. इमारतीच्या 'खान'चा भाऊ आपल्या रोजच्या बोलण्यात आहेच : कारखाना, दवाखाना, मुसाफिरखाना यांतला 'खाना'. (खानावळ मात्र खाण्यावरून. तिचा इथे संबंध नाही.) हान चालवणाऱ्याला तुर्कीत 'हानजी' म्हणतात. त्यातला 'जी' म्हणजे आपल्या मशालची, खजानची यांतला 'ची'. हे दिसलं तेव्हा मला फार आनंद झाला.

आता 'मोरिचा'. मोरिच हे आडनाव, ही जागा चालवणाऱ्या घराण्याचं. 'मोरिचा' हे त्याचं बोस्नियन षष्ठीचं अनेकवचन, म्हणजे 'मोरिचांचा'. शेवटी आपला 'चा' ऐकू येतो तो निव्वळ योगायोग. 'च' आडनावातलाच आहे, प्रत्यय फक्त 'आ'.

मराठी शब्द ठरवायचा तर आधी इमारत पाहावी लागते. बोस्नियाचा उस्मानी (तुर्की) सुभेदार गाझी हुस्रेव बेग याच्या वक्फातली ही 16व्या शतकातली वास्तू. मधे उघडा चौक, चारी बाजूंनी दुमजली बांधणी. तळमजल्यावर तबेले आणि माल ठेवायच्या जागा, वर चौकाकडे तोंड करून लाकडी सज्जे आणि त्यांच्या मागे ओळीने खोल्या. सुमारे तीनशे माणसं आणि सत्तर घोडे मावतील एवढी सोय. ओझ्यासकट जनावर आत आणता येईल असा रुंद दरवाजा आणि त्यातून थेट चौक. अशा हानांत दरवाजा एकच ठेवत आणि रात्री तो लावून घेत, की आतला माल सुरक्षित. 1697मध्ये ऑस्ट्रियाचा सेनापती, सावॉयचा युजीन याच्या फौजेने शहर जाळलं, पुढेही आगी लागत राहिल्या. 1957च्या आगीनंतर 1970च्या दशकात ती पुन्हा उभी केली. आज तिथे दुकानं आहेत, चौकात लोक कॉफी पितात.

चौक आणि सज्जा वाचून 'वाडा' सुचणं साहजिक आहे, पण वाडा कुटुंबाचा असतो. 'धर्मशाळा' म्हटलं की यात्रेकरू आणि पुण्यकर्म डोळ्यांपुढे येतं, घोडे आणि गासड्या येत नाहीत. 'वखार' म्हटली तर माल राहतो, माणूस निसटतो. माणूस, जनावर आणि माल तिन्ही एका छपराखाली आणणारा शब्द मराठीत एकच, 'सराई'. तोही फारसीच : 'सराय' म्हणजे घर, महाल. आपल्याकडे तो उतारूंच्या जागेला चिकटला, तुर्कीत महालाला. 15व्या शतकात ईसा बेग या उस्मानी सुभेदाराने इथे आपला 'सराय' बांधला आणि त्याच्या भोवतालचं मैदान, तुर्कीत 'ओवा', त्यावरून 'सारायेव्हो' झालं. म्हणजे 'सारायेव्होतली सराई' लिहिताना आपण एकच शब्द दोनदा लिहितो, एकदा महाल म्हणून आणि एकदा मुक्काम म्हणून!

एक अडचण खरी आहे. आजच्या वाचकाला 'सराई' म्हटलं की आधी लग्नसराई आठवते, हंगाम. म्हणून पहिल्या उल्लेखात मी 'मोरिचांची सराई, म्हणजे व्यापारी-मुसाफिरांच्या मुक्कामाची जागा' असं लिहीन आणि पुढे नुसतं 'सराई'. मूळ नाव राखायचं असेल तर 'मोरिचा हान' ठेवावं, 'ह'सकट. त्याचा 'खान' केला की वाचक पुन्हा सरदार शोधायला लागतो.