तो चांगला आहे, म्हणूनच भीती वाटते

मणक्याचं ऑपरेशन झालेलं आहे आणि लग्न ठरतंय, अशी माणसं समुपदेशनाला येतात तेव्हा एक प्रश्न हमखास निघतो: "मी त्याच्यावर ओझं तर होणार नाही ना?" समोरचा माणूस टाळाटाळ करणारा असता तर निर्णय दुखरा असला तरी सोपा असता. इथे तो समजूतदार आहे, ऑपरेशनच्या काळात पाठीशी उभा राहिलेला आहे, आणि नेमकं त्यामुळेच वाटत राहतं की आपण त्याच्या चांगुलपणाचा फायदा घेतोय.

अशा अनेक जोडप्यांच्या अनुभवांतून जुळवलेलं एक उदाहरण इथे घेतलं आहे. ती २८ वर्षांची. कमरेचा शेवटचा, म्हणजे एल-५ मणका त्याखालच्या हाडावरून पुढे सरकला होता. ४ स्क्रू, २ सळ्या आणि मधल्या जागेत एक केज (आधार देणारा छोटा पिंजरा) बसवून ती दोन हाडं कायमची जोडली. याला फ्युजन म्हणतात. ऑपरेशनला ८ महिने झाले होते. पायात उतरणारी कळ गेली होती, डाव्या पायाच्या अंगठ्याजवळचा बधिरपणा तेवढा उरला होता. त्याने लग्नाचं विचारलं, ती आनंदाने हो म्हणाली आणि त्या रात्रीपासून तिची झोप उडाली.

पहिल्या भेटीत तिने आपल्या उणिवा पाठ केल्यासारख्या सांगितल्या. ५ किलोच्या वर उचलता येत नाही. वाकता येत नाही. अर्ध्या तासाच्या वर बसता येत नाही. मोजे तोच घालून देतो. "उद्या मूल झालं तर त्याला कडेवर घ्यायचं कुणी?"

मी विचारलं, हे ५ किलो कुणी सांगितले? तिने फोन उघडून एक फोटो दाखवला. घरी सोडताना मिळालेला डिस्चार्जचा कागद. वजन, वाकणं, पीळ देणं, बसणं, सगळं त्यात होतं. फोटोत कागदाचा खालचा भाग दुमडलेला होता. पुढच्या भेटीला मूळ कागद आणायला सांगितला, तेव्हा दुमडलेल्या भागात एक ओळ सापडली: "वरील सूचना पहिल्या ६ आठवड्यांसाठी."

हे अगदी नेहमी घडतं आणि त्यात निष्काळजीपणा कुणाचाच नसतो. सहा महिन्यांच्या तपासणीत सर्जन तिला म्हणाले होते, "छान आहे, आता हळूहळू सगळं सुरू करा." पण "हळूहळू सगळं" याला आकडा नाही. ५ किलो हा आकडा आहे. घाबरलेलं मन आकड्याला धरून बसतं, आणि प्रेमाचं माणूस तर त्याहून घट्ट धरून बसतं.

सुरुवातीची बंधनं कशासाठी असतात हे कळलं की ती कधी सुटतात हेही कळतं. फ्युजननंतर पहिले काही आठवडे हाडं अजून जुळलेली नसतात, सगळा भार स्क्रू आणि सळ्यांवर असतो. तेव्हा वारंवार वाकलं, पीळ दिला, वजन उचललं तर स्क्रू हाडात सैल होऊ शकतात. हाड जुळायला साधारण ३ ते ६ महिने लागतात, पक्कं व्हायला वर्ष किंवा त्याहून जास्त. सिगारेट ओढणाऱ्यांत हे जुळणं लांबतं किंवा फसतं, म्हणून सर्जन तिथे कडक असतात. हाड जुळल्याचं दिसलं की पाठीला कामाची सवय पुन्हा लावायची असते. ती लावलीच नाही तर पाठीचे आणि पोटाचे स्नायू कमकुवत राहतात, थोड्या श्रमाने दुखतं, आणि दुखलं की "बघ, सांगितलं होतं ना" असं दोघांनाही वाटतं.

म्हणून त्यांना पहिलं काम दिलं ते सर्जनकडे दोघांनी एकत्र जाण्याचं, प्रश्न लिहून. एक्स-रेमध्ये हाड पूर्ण जुळलेलं दिसतं की थोडंसं? आज किती किलो उचलायचं, आणि ते कंबरेच्या उंचीवरून की जमिनीवरून? तीन महिन्यांनी किती? कोणती हालचाल कायमची टाळायची आणि कोणती फक्त सध्या? तिला मिळालेलं उत्तर असं होतं: कंबरेच्या उंचीवरून १० किलोपर्यंत चालेल, जमिनीवरून उचलणं फिजिओकडे शिकून मग. कायमची बंदी फार थोड्या गोष्टींवर. हे तिचं उत्तर आहे. ऑपरेशन, मणक्याची जागा आणि हाड वेगळं असेल तर आकडेही वेगळे असतील. महत्त्वाचं हे की उत्तर दोघांच्या कानांवर एकाच वेळी पडलं. एकटीने ऐकून आली असती तर घरी "नक्की असंच म्हणाले का?" हा वाद झाला असता.

मग मोज्यांचा विषय घेतला. रोज सकाळी तो गुडघ्यांवर बसून तिला मोजे घालून द्यायचा. पहिल्या महिन्यात ते योग्यच होतं. आठव्या महिन्यात तेच काम तिला रोज सकाळी सांगत होतं की तू आजारी आहेस. फिजिओने पद्धत शिकवलेली होती: पाठ टेकून खुर्चीवर बसायचं, एका पायाचा घोटा दुसऱ्या गुडघ्यावर आणायचा आणि मोजा पायाकडे न्यायच्या ऐवजी पाय मोज्याकडे आणायचा. बुटासाठी लांब दांड्याचा शूहॉर्न. पहिल्या दिवशी तिला चार मिनिटं लागली. ती चार मिनिटं त्याने स्वतःचे हात मांड्यांखाली दाबून धरले होते, हे त्यानेच सांगितलं. आठवड्याभरात मोजे घालणं हा विषयच राहिला नाही.

सततच्या दुखण्यावर १९८० च्या दशकापासून झालेल्या अभ्यासांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते: जोडीदार प्रत्येक कण्हण्याला धावून येतो, हातातलं काम काढून घेतो, तिथे रुग्णाची हालचाल कमी आणि दुखणं जास्त असण्याकडे कल असतो. काळजीमुळे दुखणं वाढतं असा सरळ अर्थ यातून काढू नये. दोन्ही एकमेकांना खतपाणी घालतात. पण मदत करणाऱ्याने "करू का?" विचारावं आणि "नको" म्हटल्यावर खरंच थांबावं, एवढं त्यातून नक्की घेता येतं.

मदत चुकीच्या पद्धतीने झाली तर शरीरालाही भारी पडते. पलंगावरून उठताना तो तिचा हात धरून ओढायचा. त्यात खांदे आधी येतात, कंबर मागे राहते आणि पाठीला पीळ बसतो. योग्य रीत अशी की गुडघे वाकवायचे, खांदे आणि कंबर एकत्र ठेवून ओंडक्यासारखं कुशीवर वळायचं, पाय पलंगाच्या कडेवरून खाली सोडायचे आणि त्याच वेळी कोपराने गादी दाबत उठायचं. मदत लागलीच तर हात खांद्यामागे, आधाराला. ओढायचं नाही. वाकण्यासाठी तिला काठीचा सराव दिला होता: काठी पाठीवर उभी धरायची, डोकं, दोन खांद्यांच्या मधली जागा आणि माकडहाड या तिन्ही ठिकाणी ती टेकलेली ठेवायची आणि कंबरेतून न वाकता खुब्यातून वाकायचं. एखाद्या ठिकाणी काठी सुटली तर चूक लगेच कळते.

यानंतर त्याला एकट्याला भेटले. तिला वाटत होतं की तो दयेपोटी लग्न करतोय. तो म्हणाला, "मला ती आधीपासून हवी होती, ऑपरेशन मधे आलं." पण त्याने आणखी एक सांगितलं, जे तिला ठाऊक नव्हतं: रात्री तिने कूस बदलली की तो जागा होतो, संध्याकाळचं खेळणं त्याने सोडून दिलंय आणि आठ महिन्यांत तो तिच्याशी एकदाही भांडलेला नाही. मला यातलं शेवटचं सगळ्यात काळजीचं वाटलं. ज्या माणसावर रागावता येत नाही त्याच्याशी बरोबरीचं नातं राहत नाही. जोडीदार आधार देतो की दया करतो हे ओळखायचं असेल तर तो किती करतो हे मोजू नका. तो तुमचं "नको" ऐकतो का, तुमच्याकडे काही मागतो का, आणि तुमचं चुकलं तर तसं म्हणतो का, हे पाहा.

दोघांनी मिळून एक ठरवलं. दुखणं ० ते १० मध्ये सांगायचं. ३ पर्यंत काहीच करायचं नाही. ४ ते ६ असेल तर ती स्वतः बसण्याची जागा बदलेल, थोडं चालेल किंवा १५ मिनिटं आडवी होईल. ७ किंवा त्याहून जास्त असेल तर ती मदत मागेल, आणि मागितल्याशिवाय तो धावणार नाही. "दुखतंय का?" हा प्रश्न दिवसातून एकदाच, संध्याकाळी. आठवड्यातून दोन संध्याकाळी तो खेळायला जाईल. बऱ्या दिवशी सगळी कामं उरकून पुढचे दोन दिवस अंथरुणाला खिळायची तिची सवय होती. त्याऐवजी बऱ्या-वाईट दोन्ही दिवशी जवळपास सारखंच काम करायचं ठरलं.

शरीरसंबंधांचा प्रश्न तिने भेट संपताना, पर्स खांद्याला लावताना विचारला. तो बहुतेक वेळा असाच येतो, म्हणून मी पुढची भेट त्यासाठीच ठेवली. मणक्यांमधली गादी काढण्याच्या साध्या ऑपरेशननंतर बऱ्याचदा काही आठवड्यांत आणि फ्युजननंतर साधारण ६ ते १२ आठवड्यांत परवानगी मिळते, पण सर्जनला स्पष्ट शब्दांत विचारायचं. "कुशीवर झोपणं सगळ्यात सुरक्षित" असा सरसकट सल्ला पूर्वी दिला जायचा. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात २०१४ मध्ये पुरुषांच्या मणक्याच्या हालचाली प्रत्यक्ष मोजल्या गेल्या आणि हा सल्ला सगळ्यांना लागू पडत नाही असं दिसलं. पुढे वाकल्याने दुखणाऱ्याला एक स्थिती सोयीची, मागे कमान केल्याने दुखणाऱ्याला दुसरी. तिला कमान केल्याने दुखायचं, म्हणून कमरेखाली उशी नको होती. उताणं झोपून गुडघे वाकवलेले आणि त्यांच्याखाली उशी हे तिला जमलं. ज्याला त्रास आहे त्याने कमी हालचाल करावी, जोडीदाराने जास्त. मज्जातंतूंच्या दुखण्यावरच्या काही औषधांनी, उदाहरणार्थ ड्युलोक्सेटिन किंवा अमिट्रिप्टिलिनने, इच्छा कमी होऊ शकते. नात्यात काही बिघडलंय असं समजण्याआधी डॉक्टरांना विचारा.

मुलाबद्दलची तिची भीती सगळ्यात मोठी होती. फ्युजन झालेल्या स्त्रिया गरोदर राहतात, आणि केवळ फ्युजन आहे म्हणून सिझेरियन करावंच लागतं असं नाही. हाड पक्कं होईपर्यंत, बहुधा वर्षभर, थांबायला सांगतात. औषधांकडे मात्र आधीच पाहायला हवं. ती मज्जातंतूंच्या दुखण्यावरचं प्रीगाबालिन घेत होती. ते घेत असताना गर्भनिरोधक वापरायला सांगतात, आणि ते अचानक थांबवायचंही नसतं, डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करायचं असतं. आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या गरोदरपणाच्या २० आठवड्यांनंतर टाळायला सांगतात. प्रसूतीत पाठीत भूल देणं जोडलेल्या जागी अवघड जाऊ शकतं, म्हणून ऑपरेशनचा तपशील घेऊन भूलतज्ज्ञांना काही आठवडे आधी भेटायचं. आणि कडेवर घेण्याचं म्हणाल, तर नवजात बाळ साधारण ३ किलोचं असतं, वर्षाचं झालं की ९-१० किलोचं. पाठीला सराव करायला मधे पुरेसा काळ आहे. पाळण्याची गादी उंच ठेवावी, कपडे बदलायला कंबरेच्या उंचीची जागा असावी आणि मूल अंगाशी धरून उचलावं. हात लांब करून उचललं तर त्याच वजनाचा कंबरेवरचा भार बराच वाढतो.

त्याच्या घरी किती सांगायचं? तो म्हणत होता, काही सांगायची गरज नाही. मी याच्या विरोधात होते. लपवलं की पुढे प्रत्येक दुखणं लपवावं लागतं. एमआरआय दाखवायची गरज नाही. काय झालं होतं, आता काय करता येतं, काय सांभाळावं लागतं आणि शेजारच्या मणक्यावर ताण येऊन पुढे कधी त्रास होण्याची शक्यता काहींना असते, एवढं प्रामाणिक बोलणं पुरतं. हे त्याने सांगायचं ठरलं, ती शेजारी बसून.

साखरपुड्याच्या दिवसासाठी फार थोडं करावं लागलं. हात टेकायची सोय असलेली खुर्ची, उभं राहताना एक पाय आलटून पालटून ठेवायला १०-१५ सेंटिमीटर उंचीचा पाट, दर अर्ध्या तासाने पाच मिनिटं चालणं, सपाट चप्पल. फोटोसाठी कुणी उचलून घेणार नाही, हे फोटोग्राफरला आधीच सांगितलं.

एक गोष्ट दोघांनाही पाठ करायला लावली. मांड्यांच्या आतल्या बाजूला किंवा गुदद्वाराभोवती बधिरपणा, लघवी अडणं किंवा नकळत होणं, दोन्ही पायांत अचानक अशक्तपणा, यांपैकी काहीही झालं तर सकाळची वाट न पाहता, त्याच वेळी रुग्णालयात जायचं. ताप आला किंवा जखमेतून पाणी येत असेल तर त्याच दिवशी सर्जनला दाखवायचं. या गोष्टी सोडून बाकी दुखण्यासाठी ० ते १० पुरेसं आहे.

शेवटच्या भेटीला ते भांडतच आले. किती लोकांना बोलवायचं यावरून. तिला ४० पुरेसे वाटत होते, त्याला शंभर. वीस मिनिटं दोघंही आवाज चढवून बोलत होते, आणि त्यात पाठीचा उल्लेख एकदाही आला नाही.