ढेकणांवर काम करायचंय म्हणतोस?

अरे,

मेल मिळाला, फोटोपण बघितले. घरचे हसतात म्हणतोस, हसू देत, ढेकूण म्हटलं की लोकांना गादीतलाच आठवतो. कापसावरचा लाल ढेकूण, भाताच्या लोंबीवरचा ढेकण्या, तळ्यात पाठीवर अंडी घेऊन फिरणारा नर, ही सगळी त्याच गोतावळ्यातली हे सांगत बसू नकोस, वेळ जातो.

फोटो शार्प आहेत पण एकाहीखाली झाडाचं नाव नाही राव! नुसतं 'पानावर' लिहून काय कळणार? कुठलं झाड, किडा नुसता बसलेला की सोंड खुपसून रस पीत होता, आणि मुख्य म्हणजे आसपास पिल्लं होती का. पिल्लांना पंख नसतात, म्हणजे ती दिसली तर तो तिथेच वाढतोय, नाहीतर पाहुणाही असेल. विल्यम डिस्टंट या इंग्रज कीटकशास्त्रज्ञाने ब्रिटिश इंडियातल्या ढेकणांवर १९०२ ते १९१८ मध्ये काढलेले खंड आजही उघडावेच लागतात, पण बऱ्याच जातींपुढे गाव आणि पकडणाऱ्याचं नाव एवढंच, खातो काय ते नाहीच. ते शोधायला भारी मायक्रोस्कोप लागत नाही, सकाळी लवकर उठावं लागतं, बस.

मोहोराच्या दिवसात कोकणात गेलास तर काजूवरचा ढेकण्या बघच. पाठीवर टाचणीसारखा उभा काटा असतो, लगेच ओळखशील. मादी अंडी कोवळ्या देठाच्या आत घालते, बाहेर दिसतात फक्त दोन बारीक केस, एक लांब एक आखूड, भिंग हवंच. जिथे टोचतो तिथे काळा डाग पडून शेंडा वाळतो, लांबून बघणाऱ्याला रोगच वाटतो.

पकडलेला ढेकूण नमुना म्हणून ठेवायचा तर टाचणी पाठीवरच्या त्रिकोणात, उजव्या बाजूला मारायची, मधोमध नाही, मधल्या खुणा ओळखायला लागतात. छोटे असतील तर कागदाच्या टोकावर चिकटव. अभयारण्यात मात्र वनखात्याच्या परवानगीशिवाय जाळी काढायचीसुद्धा नाही.

नोकरीचं म्हणशील तर नुसत्या वर्गीकरणावर जागा कमीच, म्हणून ॲग्रीतून एन्टोमॉलॉजी (कीटकशास्त्र) कर असं माझं मत, पिकावरच्या किडींमुळे पोट भरतं आणि बाकीचे ढेकूण हौसेने करता येतात.

आणि तुझ्या फोटोतला तो तपकिरी ढेकूण परत दिसला तर खालून फोटो काढ. सोंड आखूड, वाकडी आणि तीन सांध्यांची निघाली तर तो रस पिणारा नाही, शिकारी आहे, बोटाने धरू नकोस, जाम चावतो.