कार्ब्युरेटरवाली जुनी मारुती ८०० इंजिन चालू ठेवून थांबल्यावर थरथरते, मिसिंग करते (एखादा सिलिंडर नीट पेटत नाही). आधी काय तपासावं?

कार्ब्युरेटर उघडायची घाई करू नका, बहुतेक मेकॅनिक तिथूनच सुरुवात करतात. आधी आजारी सिलिंडर शोधा. इंजिन चालू ठेवून, जाड रबरी हातमोजे घालून एकेका स्पार्क प्लगची कॅप क्षणभर काढा. इंजिन आणखी लडखडलं तर तो सिलिंडर ठीक. काहीच फरक पडला नाही तर दोष तिथेच आहे.

त्या सिलिंडरचा प्लग बघा. फिकट तपकिरी असेल तर उत्तम; कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा ठिणगी कमजोर, ओलसर तेलकट काळा म्हणजे ऑइल वर येतंय. प्लगच्या टोकांमधली फट (गॅप) फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) ०.७ ते ०.८ मिमी ठेवा. मग हा प्लग शेजारच्या सिलिंडरला लावून पाहा. मिसिंग प्लगसोबत सरकलं तर नवा प्लग घ्या. नाही सरकलं तर वायर, डिस्ट्रिब्युटरच्या (प्लगना करंट वाटणारा भाग) कॅपमधली बारीक चीर आणि आतला फिरता रोटर तपासा. (वायरी काढल्या असतील तर फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, १-३-२.)

ठिणगी चांगली असूनही मिसिंग राहिलं तर कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) मोजा. कमी आलं तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजा: वाढलं तर दोष पिस्टनच्या रिंगांत, तसंच राहिलं तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केटमध्ये.

तिन्ही सिलिंडर सारखेच लडखडत असतील आणि रेस दिल्यावर गाडी सुधारत असेल, तर व्हॅक्युम पाइपांतली चीर, मॅनिफोल्ड गॅस्केट आणि मगच पायलट जेट (कार्ब्युरेटरमधलं, थांबलेल्या गाडीला पेट्रोल देणारं बारीक छिद्र) तपासा.